बायनरी सर्च ट्रीमधील समाईक पूर्वजाचा शोध

दोन नोडचा सर्वांत जवळचा समाईक पूर्वज शोधणे हा प्रश्न वरवर पाहता वंशावळीचा वाटतो. १७३१ मध्ये वारणेचा तह करणारे सातारचे शाहू व कोल्हापूरचे संभाजी यांचा असा पूर्वज म्हणजे शिवाजी महाराज. शाहूंबरोबर तंजावरचे सरफोजी (पहिले) घेतल्यास मात्र शहाजीराजांपर्यंत जावे लागते. येथे नावांवरून शाखेचा बोध होत नाही, त्यामुळे खालून वर पिढी-पिढीने चढण्यावाचून गत्यंतर नसते. आपले अनेक विद्यार्थी बायनरी सर्च ट्रीतही हीच चढण करतात व त्यांना पूर्ण गुण मिळतात. प्रस्तुत लेखकास हे योग्य वाटत नाही, कारण या वृक्षाचा गुणधर्मच त्या उत्तरात वापरलेला नसतो.

हा गुणधर्म असा की, प्रत्येक नोडच्या डावीकडे त्याहून लहान व उजवीकडे मोठ्या किमती असतात. आपल्या परिसरातील पिनकोड पुढील क्रमाने वृक्षात घालू : हडपसर ४११०२८, शिवाजीनगर ४११००५, वाघोली ४१२२०७, लोणी काळभोर ४१२२०१, मांजरी ४१२३०७, उरुळी कांचन ४१२२०२. हडपसर मूळस्थानी येते.

आता मांजरी व उरुळी कांचन यांचा समाईक पूर्वज पाहू. मुळापासून आरंभ करावा. दोन्ही क्रमांक ४११०२८ पेक्षा मोठे, म्हणून उजवीकडे वळावे. तेथे ४१२२०७ आहे. एक क्रमांक त्याहून लहान, दुसरा मोठा. वाटा येथेच फुटतात, म्हणून उत्तर वाघोली. याखालील कोणत्याही नोडच्या पोटी दोघे एकत्र असणे शक्य नाही आणि वरचे पूर्वज अधिक दूरचे ठरतात. पद्धतीची सिद्धता एवढीच. (वाघोलीस हा मान भूगोलामुळे नव्हे, केवळ घालण्याच्या क्रमामुळे मिळाला, हे वर्गात आवर्जून सांगावे लागते.) लोणी काळभोर व उरुळी कांचन ही जोडी घेतल्यास शोध लोणी काळभोरपाशीच थांबतो, कारण नोड स्वतःचाही पूर्वज मानला जातो.

या पद्धतीस पालक-नोडची नोंद लागत नाही, पुनरावर्तन लागत नाही, की अतिरिक्त स्मृतीही लागत नाही. समतोल वृक्षात दहा लाख नोड असले तरी सुमारे वीस पातळ्यांत काम भागते. हेच पिनकोड चढत्या क्रमाने घातले तर मात्र वृक्षाची एकेरी साखळी होते व हा लाभ संपुष्टात येतो.

एक त्रुटी उत्तरपत्रिकांत वारंवार आढळते. वृक्षात नसलेला खराडीचा ४११०१४ हा क्रमांक मांजरीसोबत दिला, तरी ही पद्धती निःशंकपणे हडपसर असे उत्तर देते. म्हणून वाटा फुटल्यानंतर दोन्ही नोड खरोखर अस्तित्वात आहेत काय, याचा त्या स्थानापासून खाली स्वतंत्र शोध घेणे आवश्यक ठरते.