राजोडीच्या आडवाटा

नालासोपाऱ्याच्या पश्चिमेस, समुद्राच्या काठी वसलेल्या राजोडी गावात डोंगर नाही. ‘माउंटन बाइक’ म्हणून जी जाड टायरांची, गिअरची सायकल हल्ली शहरातून विकत घेतली जाते, ती येथे आणून करायचे काय, असा प्रश्न एखाद्या आजोबांनी विचारला तर तो अगदी रास्त म्हटला पाहिजे. परंतु या सायकलीचा इतिहास पाहिला, की त्याचे उत्तर सापडते.

डांबरी रस्ता सोडून सायकल हाकण्याची हौस या यंत्राहून जुनी आहे. १९५५ साली इंग्लंडात काही हौशी मंडळींनी ‘रफ स्टफ फेलोशिप’ नावाचा संघ काढला. साध्या सायकली घ्यायच्या, पायवाटांनी जायचे, आणि चाक चालेनासे झाले की सायकल खांद्यावर टाकायची, असा त्यांचा खाक्या. पुढे १९७६ पासून कॅलिफोर्नियात टॅमल्पाइस डोंगराच्या परिसरात काही तरुण जुन्यापुराण्या जाड टायरांच्या सायकली घेऊन एका खडकाळ उतारावर शर्यती लावू लागले. उतरताना ब्रेकमधले ग्रीस जळून जाई व ते नव्याने भरावे लागे. म्हणून त्या उताराचे नावच ‘रीपॅक’ पडले. आजची डोंगरी सायकल त्या उद्योगातून जन्मली. तात्पर्य, तिला डोंगरापेक्षा आडवाट अधिक प्यारी. आणि आडवाटांच्या बाबतीत आमची वसई गरीब नाही. मात्र त्या वाटा शोधाव्या लागतात, आणि शोधण्याचीही एक रीत असते.

पहिली वाट किनाऱ्याची. सुरूच्या बनाखालची कोरडी वाळू चाक गिळते; ओहोटीने उघडी पडलेली ओली वाळू मात्र सडकेसारखी टणक असते. तेव्हा घड्याळाआधी पंचांग पाहावे. जुना हिशोब असा : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ साधारण मिळते, आणि तीत सहा तास मिळवले की ओहोटीची. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सहाच्या सुमारास भरती व बाराच्या सुमारास ओहोटी. पाडव्याला भरती पाऊण वाजता, म्हणजे सकाळी पावणेसातला ओहोटी! अमावास्या नुकतीच सरल्याने पाणीही खूप लांब गेलेले असते. दिवाळी पाडव्याची सकाळ राजोडीहून अर्नाळ्याच्या दिशेने सायकल काढायला अशी आयतीच जुळून येते. घरी परतल्यावर सायकल गोड्या पाण्याने धुऊन साखळीला तेल द्यावे. खारे पाणी लोखंडाला सोडत नाही.

दुसरी वाट वाड्यांची. केळी, पानवेली, सोनचाफा, मोगरा यांच्यामधून जाणाऱ्या या वाटा जेमतेम एका माणसाच्या असतात. कुठे त्या बावखलाच्या काठाने जातात, कुठे विहिरीला वळसा घालतात. मोबाइलच्या नकाशावर त्या बहुधा नसतात. गावनकाशावर मात्र पुष्कळ वाटांची नोंद आहे. भूमी अभिलेख कार्यालयातून त्याची नक्कल मिळते. त्यात तुटक दुहेरी रेघ दिसली तर ती गाडीवाट समजावी, तुटक एकेरी रेघ दिसली तर पायवाट. ज्याला या रेघा वाचता येतात, त्याला आपल्याच गावात नवा मुलूख सापडतो.

पण कागदावरची रेघ म्हणजे परवानगी नव्हे. पुष्कळ वाटा कोणाच्या तरी खाजगी वाडीतून केवळ वहिवाटीने चालत आलेल्या असतात. तेथे सायकलवरून उतरावे, चपला काढाव्यात इतक्या सहजतेने. “मावशी, पलीकडे जायला वाट आहे का?” एवढे विचारले तर वाट तर कळतेच, शिवाय पाणीही मिळते. पाट लावलेला असेल तर ओल्या बांधावर चाक घालू नये. एका चाकाची चाकोरी पडली तरी पाणी फुटते. आणि सापडलेली वाट जगजाहीर करण्याआधी वाडीवाल्याला पुसावे. आज तुम्ही एकटे आलात. उद्या पन्नास सायकली आल्या तर त्याने फाटकाला कुलूप लावल्यास त्याला दोष देता येणार नाही.

ज्यांना चढ हवाच, त्यांनी महामार्गापलीकडे तुंगारेश्वरकडे जावे. ते २००३ सालापासून अभयारण्य आहे. तेथे नाक्यावरच्या वनरक्षकाचा शब्द अखेरचा मानावा. जंगल आपल्या व्यायामासाठी राखलेले नाही.

असे विचारत, थांबत जाण्याला या भूमीत फार जुना आधार आहे. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सोपाऱ्यास अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. त्या लेखाचा विषयच प्रवास हा आहे. पूर्वीचे राजे मृगयेसाठी हिंडत. अशोकाने त्याऐवजी धर्मयात्रा सुरू केली, आणि वृद्धांना भेटणे व जनपदातील माणसांना भेटणे हा तिचा भाग ठरवला. सम्राटाला जे कमीपणाचे वाटले नाही, ते सायकलस्वाराला का वाटावे?

हे सारे सांगण्याचे कारण निव्वळ हौस नव्हे. २००९ साली वसई-विरार महानगरपालिका झाली. त्याआधीपासूनच येथे घरांची दाटी वाढत आहे. बावखले बुजतात, कुंपणांच्या जागी भिंती येतात. वाट एका दिवसात मरत नाही. आधी तिच्यावरची वर्दळ थांबते, मग गवत येते, मग कोणी दगड टाकतो. १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याखाली शेतकऱ्याला वहिवाटीची वाट अडवल्याची दाद तहसीलदाराकडे मागता येते. पण ती सहा महिन्यांच्या आत. ज्या वाटेने कोणी जातच नाही, ती अडल्याचे सहा महिन्यांत कळणार तरी कोणाला?

सायकलस्वाराचा उपयोग येथे आहे. महिन्यातून एकदा जरी तो त्या वाटेने गेला, तरी भिंत उठू लागलेली त्याला दिसते, आणि ती ज्याची वहिवाट आहे त्याच्या कानावर घालता येते. कार्तिक वद्य एकादशीला निर्मळची यात्रा भरते; तेथे आगाशीची सुकेळी मिळतात. यंदा यात्रेला रिक्षाने न जाता वाड्यांमधून सायकलने जावे. वाट विचारायला माणसे पुष्कळ भेटतील, आणि ज्या वाटांनी त्यांचे आजे-पणजे यात्रेला गेले, त्या अजून चालू आहेत की नाहीत, हेही कळेल.