तंबू हवेशीर, चूल बाहेर

इंग्रजी अमदानीत झाशीच्या सिव्हिल लाइन्ससारख्या वसाहतींत राहणारे जिल्हा अधिकारी थंडीचे महिने बंगल्यात फारसे काढत नसत. पाऊस सरून वाटा सुकल्या की दौरा सुरू होई. तंबूंचे दोन संच सोबत असत. एकात साहेबांचा मुक्काम, तोवर दुसरा पुढच्या गावी रवाना झालेला. महसुलाची कामे, तक्रारींची सुनावणी आणि शिकार, सारे त्याच छावणीतून चाले. पुढे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचे दिवस संपवले. रानातला मुक्काम मात्र संपला नाही. आज पक्षीनिरीक्षक, वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी, गिर्यारोहक आणि वनखात्याचे कर्मचारी तो करतात.

सप्टेंबरअखेरीस मान्सून बुंदेलखंडातून काढता पाय घेतो आणि ऑक्टोबरात पहिल्या मुक्कामाचे बेत सुरू होतात. सह्याद्रीतही हंगाम साधारण याच सुमारास उघडतो. तंबू कोणता आणि स्टोव्ह कोणता, हे दोन प्रश्न तेव्हा वेगवेगळे विचारले जातात. खरे तर दोन्हींचे उत्तर एकाच गोष्टीवर ठरते: तंबूत हवा किती खेळते.

आधी ऑक्टोबरची रात्र समजून घेऊ. झाशीत या महिन्यात दिवसाचे तापमान ३४ अंशांपर्यंत जाते, रात्री ते २० अंशांच्या आसपास उतरते. जमीन पावसाचे पाणी पिऊन बसलेली असते. ३० अंशांच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त ३० ग्रॅम बाष्प मावते, २० अंशांना फक्त १७ ग्रॅम. उरलेले दव होऊन उतरते. निरभ्र रात्री तंबूचे छत आपली उष्णता सरळ आकाशाकडे सोडत राहते आणि भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होते. म्हणून दव धरायला ते सर्वांत आधी तयार असते.

त्यात भर आपली. झोपलेला माणूस श्वासातून आणि त्वचेतून रात्रभरात सुमारे २०० मिलिलिटर पाणी बाहेर टाकतो. दोघांच्या तंबूत जेमतेम अडीच घनमीटर हवा असते. २० अंशांना ती फार तर ४३ ग्रॅम बाष्प पेलते. दोघांचे मिळून ४०० ग्रॅम होते, म्हणजे हवेच्या ताकदीच्या नऊपट. हवा सतत बदलत राहिली नाही, तर हे पाणी छताच्या आतल्या बाजूला जमून अंथरुणावर टपकणारच. सकाळी तंबू गळका निघाला अशी तक्रार होते, तेव्हा पुष्कळदा ते पाणी पावसाचे नसून आपलेच असते.

म्हणून या हंगामात दुहेरी छताचा तंबू घ्यावा. आतला पडदा जाळीचा, बाहेरचे छत जलरोधक आणि दोन्हींमध्ये चार बोटांची पोकळी. दव बाहेरच्या छतावर धरते, आतला पडदा कोरडा राहतो. दौऱ्यावरच्या साहेबांच्या मोठ्या सुती तंबूंनाही दोन छते असत. त्यांच्या मधल्या हवेमुळे उन्हाची धग आत पोचत नसे. आता एवढा बोजा कोणी वाहत नाही, पण रचनेचे तत्त्व तेच आहे. ओलसर उबदार हवा वर चढते. त्यामुळे एक झरोका खाली आणि एक छताजवळ असलेला तंबू निवडावा, आणि पाऊस नसेल तर दोन्ही रात्रभर उघडे ठेवावेत.

कापडात पॉलिएस्टरला पसंती द्यावी. नायलॉन पाणी शोषून सैलावते आणि रात्री ताणलेले छत पहाटेपर्यंत लोंबू लागते. पॉलिएस्टर फारच थोडे शोषते. तळाच्या कापडाची जलरोधकता ३००० मिलिमीटर तरी असावी. त्यावर तेवढ्या उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा केला तरी पाणी झिरपत नाही, असा या आकड्याचा अर्थ. छतासाठी १५०० पुरते. तळावर मात्र गुडघ्याचा आणि कोपराचा दाब येतो.

नुसती ताडपत्री ताणून खाली झोपणे या महिन्यांत टाळावे. मण्यार रात्री हिंडते आणि जमिनीवर झोपलेल्यांना चावते. विंचू, डास आणि गवतातून स्क्रब टायफस पसरवणाऱ्या सूक्ष्म चिगर अळ्या, सगळ्यांचाच हा सुगीचा काळ. शिवलेला तळ आणि पूर्ण मिटणारी जाळी ही इथे चैन नव्हे.

जागेचेही शास्त्र आहे. थंड हवा जड असते, ती खोलगट भागात साचते आणि तिथे दव जास्त पडते. दहा-बारा फूट वर चढले तरी फरक जाणवतो. झाडांच्या छायेत आकाश झाकले जाते आणि दव कमी पडते. पण एकट्या उंच झाडाखाली किंवा वाळक्या फांदीखाली तंबू नको, कारण परतीच्या पावसात विजा होतात. ओरछ्याजवळ बेतवेचा वाळूचा काठ मोहात पाडतो. वरच्या अंगाला माताटीला धरण आहे आणि विसर्ग सुरू झाला की पाणी झपाट्याने चढते. पात्रात मुक्काम करूच नये.

आता स्टोव्ह. २० अंशांचे एक लिटर पाणी उकळीपर्यंत न्यायला ३३५ किलोज्यूल ऊर्जा लागते. एक ग्रॅम गॅसमधून सुमारे ४६ किलोज्यूल मिळतात. निम्मी उष्णता वाऱ्यावर गेली असे धरले तरी लिटरमागे १५ ग्रॅम पुरतो. दोघांना चहा, भात, वरण मिळून दिवसाला तीन लिटर धरले, तर दोन दिवसांचा खर्च ९० ग्रॅम. २३० ग्रॅमचा एक डबा भरपूर झाला.

ब्यूटेन शून्याच्या जरा खाली द्रवरूप होतो, म्हणून हिमालयात प्रोपेन मिसळलेला महाग गॅस लागतो. झाशी किंवा सह्याद्रीच्या ऑक्टोबरात त्यावर जादा पैसे घालण्याचे कारण नाही. वाऱ्याला आडोसा जरूर करावा, पण बर्नर डब्यावर बसत असेल तर चारी बाजूंनी कधीही झाकू नये. डबा तापून फुटतो. कळसूबाईच्या १६४६ मीटर उंचीवर पाणी साधारण साडेचौऱ्याण्णव अंशांनाच उकळते. तिथे तूरडाळीपेक्षा मूग किंवा मसूर बरी.

१८९२ मध्ये स्वीडनच्या फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट यांनी घडवलेला रॉकेलचा प्रायमस स्टोव्ह १९११ मध्ये आमुंडसेन यांच्यासोबत दक्षिण ध्रुवापर्यंत गेला. आज रॉकेलच दुर्मीळ झाले आहे. स्पिरिटचा स्टोव्ह हलका असतो, पण इंधनात ऊर्जा कमी आणि दिवसा ज्योत दिसत नाही. पेटत्या स्टोव्हमध्ये स्पिरिट ओतू नये. लाकडे पेटवायचा विचार सोडून द्यावा. राखीव वनात आग लावायला १९२७ च्या वन कायद्याने मनाई आहे.

रेल्वेने जाणाऱ्यांनी गॅस, रॉकेल, स्पिरिट काहीच सोबत नेऊ नये. ऑगस्ट २०२३ मध्ये मदुराईत उभ्या असलेल्या एका पर्यटक डब्यात बेकायदा नेलेल्या सिलिंडरमुळे आग लागली आणि नऊ जण गेले. गॅस मुक्कामाच्या गावी विकत घ्यावा.

कोणताही स्टोव्ह घेतला तरी तो तंबूत पेटवू नये. कोंडलेल्या जागेत ज्वलन अपुरे होते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपट घट्ट चिकटतो. १९३४ मध्ये अंटार्क्टिकात एकट्याने हिवाळा काढणारे रिचर्ड बर्ड स्टोव्हच्या धुरानेच मरणाच्या दारी पोचले होते. डोके दुखणे, मळमळ, गुंगी ही लक्षणे थकव्यासारखी वाटतात, म्हणून माणूस फसतो. शिवाय १५ ग्रॅम गॅस जळताना सुमारे २३ ग्रॅम पाण्याची वाफ होते. म्हणजे उबेसाठी पेटवलेला स्टोव्ह तंबू ओलाही करतो.

पैसे मोजकेच असतील तर ते आधी दुहेरी छताच्या, वर-खाली झरोके असलेल्या तंबूवर घाला. साध्या गॅस बर्नरने काम भागते. निघण्यापूर्वी वनखात्याची परवानगी घ्या, तंबू एक रात्र गच्चीवर उभारून तपासा. रानात पोचल्यावर दोन नियम कसोशीने पाळा: झरोके उघडे आणि स्वयंपाक तंबूपासून दहा पावलांवर.