वरच्या पट्टीतला मित्र

1999मधला 'नॉटिंग हिल' पाहिलेल्यांना रोनन कीटिंगचं 'व्हेन यू से नथिंग अ‍ॅट ऑल' आठवत असेल. ते गाणं मुळात त्याचं नव्हे. पॉल ओव्हरस्ट्रीट आणि डॉन श्लिट्झ या जोडीने लिहिलेलं हे गाणं अकरा वर्षं आधी, 1988च्या डिसेंबरात, अमेरिकेतल्या कंट्री संगीताच्या यादीत पहिल्या क्रमांकावर नेलं होतं ते केंटकीच्या कीथ व्हिटलीने. त्यानंतर पाच महिन्यांत कीथ गेला.

9 मे 1989. नॅशव्हिलजवळच्या गुडलेट्सव्हिल गावात, राहत्या घरी. कारण दारू. रक्तात अल्कोहोलचं प्रमाण 0.47 टक्के निघालं. आपल्याकडे गाडी चालवणाऱ्यासाठी कायद्याची मर्यादा 0.03 टक्के आहे, म्हणजे हे तिच्या पंधरापटीहून जास्त. त्याची बायको लॉरी मॉर्गन, स्वतः नावाजलेली गायिका, तेव्हा कार्यक्रमांसाठी अलास्काला होती. रात्री तो दारूसाठी उठला तर आपल्याला जाग यावी म्हणून आपण दोघांचे पाय एकत्र बांधून झोपत असू, असं तिने नंतर सांगितलं आहे. कीथने पस्तिशीही गाठली नव्हती.

त्याच्या आठवणीत सुरू झालेलं गाणं म्हणजे गायक व्हिन्स गिलचं 'गो रेस्ट हाय ऑन दॅट माउंटन'. ते कळायला मात्र थोडं मागे, केंटकीच्या डोंगराळ भागात जावं लागतं. कोळशाच्या खाणी, छोटी चर्चेस, आणि स्कॉटलंड-आयर्लंडहून आलेल्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेली कथागीतं यांचा हा मुलूख. इथेच कीथ आणि रिकी स्कॅग्ज ही दोन पोरं शाळकरी वयात एकमेकांना भेटली. दोघांचंही वेड एकच: स्टॅनली ब्रदर्स. कार्टर आणि राल्फ या भावांच्या या जोडीतला कार्टर 1966मध्ये, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी वारला होता. त्याच्याही मुळाशी दारूच होती. राल्फ एकटा बँड चालवत होता. एकदा वेस्ट व्हर्जिनियातल्या फोर्ट गे इथे कार्यक्रम असताना राल्फची गाडी वाटेत पंक्चर झाली. तो उशिरा पोचला तर आत हीच दोन पोरं वेळ मारून नेण्यासाठी गात होती. गाणी स्टॅनली ब्रदर्सचीच, आणि गळाही हुबेहूब तसाच. राल्फने दोघांनाही आपल्या बँडमध्ये घेतलं. मेलेल्या भावाचा आवाज एका सोळा-सतरा वर्षांच्या पोराच्या गळ्यातून ऐकताना त्याला काय वाटलं असेल, याचा अंदाज आपण न केलेलाच बरा.

व्हिन्स गिल ओक्लाहोमाचा, पण त्याचीही सुरुवात याच डोंगराळ मुलखाच्या संगीताच्या, म्हणजे ब्लूग्रासच्या, वर्तुळातली. रिकीच्या 'बून क्रीक' बँडमध्येही तो काही काळ होता. कीथ गेल्यावर त्याने हे गाणं लिहायला घेतलं आणि अर्धवट सोडलं. पुढे 1993मध्ये त्याचा थोरला भाऊ बॉब हृदयविकाराने वारला. तरुणपणी मोटार अपघातात मेंदूला मार बसल्यापासून बॉबचं आयुष्य विस्कटलेलंच होतं. मग गाणं पुरं झालं. मित्रासाठी सुरू झालेलं गाणं भावासाठी संपलं, असं म्हणायला सोपं आहे. मला वाटतं, मित्राच्या दुःखात एक संकोच असतो. त्याची बायको असते, लेकरं असतात, आपण कितवे? भावाच्या वेळी हा प्रश्न पडत नाही.

गाण्यात कीथचं नाव नाही, भावाचंही नाही. दारूचा उल्लेख नाही, अपघाताचा नाही. गेलेल्या माणसाशी थेट बोलणं आहे: तुझं आयुष्य खडतर होतं हे मला ठाऊक आहे, आता विसावा घे. नाव गाळल्यामुळेच ते गाणं कुणालाही आपल्या माणसासाठी लावता आलं. 1994च्या 'व्हेन लव्ह फाइंड्स यू' अल्बममधलं हे गाणं 1995मध्ये स्वतंत्रपणे प्रसिद्ध झालं. क्रमवारीत ते चौदाव्या स्थानापुढे सरकलं नाही. तरी 1996मध्ये त्याला दोन ग्रॅमी आणि कंट्री म्युझिक असोसिएशनचा वर्षातल्या सर्वोत्तम गाण्याचा पुरस्कार मिळाला. पण त्याचा खरा मुक्काम अंत्यसंस्कारांत आहे. 2 मे 2013 रोजी कंट्री गायक जॉर्ज जोन्सच्या अंत्यविधीला, नॅशव्हिलच्या ग्रँड ओल ऑप्रीच्या सभागृहात, गिल ते गायला उभा राहिला आणि त्याचा गळा दाटून आला. ओळी तुटू लागल्या. शेजारी उभ्या गायिका पॅटी लव्हलेसने सूर सोडला नाही, म्हणून गाणं तडीला गेलं.

मूळ ध्वनिमुद्रणातही साथीला दोन आवाज आहेत. एक पॅटीचा, दुसरा रिकी स्कॅग्जचा. पोवाड्यात शाहिराला झीलकरी असतात तशी ही साथ, फक्त इथे साथीदार शाहिराचाच सूर उचलत नाहीत, त्याच्याहून वेगळ्या सुरांवर चालतात आणि तीन आवाजांचा मिळून एक होतो. चर्चमधल्या समूहगायनातून ही रीत ब्लूग्रासमध्ये आली. बहुतेकांचं कौतुक गिलच्या मुख्य आवाजापाशी थांबतं, आणि तो आवाज आहेही तसाच. पण कीथला पोरवयापासून ओळखणारा माणूस ध्रुवपदात गिलच्या शेजारी गातो आहे. ज्याच्यासाठी हे गाणं सुरू झालं, त्याच्याबरोबरच रिकी राल्फच्या बँडमध्ये गेला होता.

2025मध्ये गिलने तिसरं कडवं जोडून गाण्याची लांबवलेली आवृत्ती काढली. मला ते कडवं अनावश्यक वाटतं, पण गाणं त्याचं आहे. कुतूहल वाटलं तर आधी कीथ आणि रिकीने मिळून केलेला 'सेकंड जनरेशन ब्लूग्रास' हा सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीचा अल्बम ऐका. मग गिलचं ध्रुवपद लावा आणि त्यातला रिकीचा आवाज वेगळा काढून बघा.