हरताळ फासावा की नवी नोंद करावी?



'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार आपण नेहमी वापरतो. हरताळ हे पिवळ्या रंगाचे खनिज. पूर्वी पोथीची नक्कल करताना चुकलेल्या अक्षरांवर त्याचा लेप देत. आपल्या उज्जैनच्या सिंधिया प्राच्यविद्या शोध प्रतिष्ठानात अशी हजारो हस्तलिखिते जतन केलेली आहेत. अनेक पोथ्यांच्या शेवटी पुष्पिका असते. तीत नक्कल कोणी व केव्हा केली ते लिहिलेले असते.

संगणकाचे प्रोग्राम लिहिणारे अशी नोंद 'गिट' या प्रणालीत ठेवतात. लिनस टोरवाल्ड्स यांनी ती २००५ साली तयार केली. तिच्यातील प्रत्येक नोंदीला 'कमिट' म्हणतात. कमिटमध्ये फायलींची त्या वेळची स्थिती, करणाऱ्याचे नाव, वेळ आणि काय व का बदलले हे सांगणारा संदेश असतो. संदेश चुकला, तर शेवटची नोंद 'अमेंड'ने आणि त्याआधीच्या नोंदी 'रिबेस'ने बदलता येतात.

पण यात एक मेख आहे. नोंदीतील सर्व मजकूर व आधीच्या नोंदीचा क्रमांक यांवरून गिट सामान्यतः ४० अंक-अक्षरांचा ओळखक्रमांक काढते. संदेशातला एक काना बदलला तरी हा क्रमांक बदलतो, आणि पुढच्या सगळ्या नोंदींचेही बदलतात. म्हणजे जुनी नोंद दुरुस्त होत नाही. तिच्या जागी नवी येते. सहकाऱ्यांनी जुनी प्रत आधीच घेतली असेल, तर एकाच कामाचे दोन इतिहास होतात. बदललेला इतिहास सक्तीने वर चढवला, तर दुसऱ्याचे कामही पुसले जाऊ शकते.

म्हणून नियम सोपा आहे. नोंद आपल्याच संगणकावर असेपर्यंत हवी तितकी सुधारा. ती इतरांकडे गेल्यावर चुकीचा बदल 'रिव्हर्ट'ने, म्हणजे उलट बदलाच्या नव्या नोंदीने मागे घ्या. केवळ संदेश चुकला असेल, तर खुलासा पुढच्या नोंदीत करा. चुकून पासवर्ड गेला असेल, तर इतिहास पुसून भागत नाही. प्रथम पासवर्ड बदला.

संत एकनाथांनी शके १५०६ (इ. स. १५८४) मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा वर्ष, आपले नाव आणि शुद्धीचे कारण शेवटच्या ओव्यांत नोंदवून ठेवले. म्हणूनच ते आज आपल्याला ठाऊक आहे.

गटाने प्रकल्प करताना कोणी काय केले, हे याच नोंदींवरून शिक्षकांना व पालकांना दिसते. तेव्हा सहकाऱ्याची नोंद त्याला विचारल्याशिवाय बदलू नका.