फुकटात मिळालेले टिकते का?



परभणीहून जिंतूरला जाणाऱ्या रस्त्यावर आमचे बोरी गाव आहे. येथे राहून मी जिंतूर तालुक्याच्या डोंगराळ भागात आंध आदिवासी कुटुंबांमध्ये काम करते. एकदा एका वस्तीवर एका आजींनी मला विचारले, “ताई, तुमच्या देवाला काय बोलावं लागतंय? कोंबडं का बोकड?” मी हसून म्हणाले, “काहीच नाही, आजी. नुसतं मागायचं.” आजी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “फुकटात मिळालेलं टिकतंय व्हय?”

ईश्वरविज्ञानाच्या पदविकेसाठी मी प्रार्थनेवर पानेच्या पाने लिहिली होती. त्या दिवशी मात्र मला उत्तर देता आले नाही. आजींना हसण्याचेही कारण नव्हते, कारण आपणही नवस बोलतोच. “प्रभू, मुलाला नोकरी लागू दे, पहिला पगार दानपेटीत टाकीन,” असे आपल्यापैकी किती जणांनी म्हटले असेल! शब्द ख्रिस्ती असले, तरी तो सौदाच असतो.

मग विश्वासाने मागणे म्हणजे काय? प्रभू येशूने भाकर मागणाऱ्या मुलाचे उदाहरण दिले (मत्तय ७:७-११). मूल बापाशी सौदा करत नाही. बाप आपला आहे, एवढ्यावरच ते हात पुढे करते. पुढच्याच अध्यायात एक कुष्ठरोगी प्रभूकडे येतो (मत्तय ८:१-३). प्रभू आपल्याला बरे करू शकतो, याविषयी त्याच्या मनात शंका नाही. पण करायचे की नाही, हे तो प्रभूच्या इच्छेवर सोपवतो. विश्वासाच्या या दोन्ही बाजू आहेत. केवळ पहिली धरली, तर प्रार्थना हुकूम होते. केवळ दुसरी धरली, तर आपण मागणेच सोडून देतो.

म्हणूनच एखाद्याची विनंती मान्य झाली नाही, तर “तुझा विश्वास कमी पडला,” असे त्याला कधीही म्हणू नये. पौलाने आपल्या शरीरातील काटा निघावा म्हणून तीनदा विनंती केली. काटा राहिला, तो सोसण्यास पुरेशी कृपा मिळाली (२ करिंथ १२:७-९). आणि हेही सांगते, की लेकराला ताप आला तर प्रार्थना जरूर करा, पण त्याला दवाखान्यातही न्या. डॉक्टरकडे जाणे म्हणजे अविश्वास नव्हे.

आता माझी स्वतःची चूक सांगते. त्याच वर्षी दिवाळीच्या तोंडावर आजींच्या मुलाने मुकादमाकडून उचल घेतली आणि घरातले सगळेच ऊसतोडीला निघाले. मुलगा-सून एक कोयता. तान्ह्याला सांभाळायला दहा वर्षांची नात आणि कोपीवर भाकरी थापायला आजी. मी नातीच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, “प्रभू, हिची शाळा सुटू देऊ नकोस, हिला आशीर्वाद दे.” डोळे पुसले आणि घरी आले. मुलीचे ते वर्ष बुडाले.

पुढे याकोबाचे पत्र वाचताना मी एका ठिकाणी अडखळले. उघड्या-उपाशी भावाला नुसते गोड बोलून वाटेला लावणाऱ्याला तो विचारतो, की याचा उपयोग काय (याकोब २:१५-१६). ते मलाच विचारले आहे असे वाटले. मी मागितले होते विश्वासाने. पण आजी मागे का राहू शकत नाहीत, एवढे साधे मी विचारलेही नव्हते. सहा महिन्यांचे धान्य घरात नव्हते, इतकेच कारण होते.

पंडिता रमाबाईंचे चरित्र आपल्याला परिचित आहे. ब्रिस्टलमध्ये अनाथांसाठी केवळ प्रार्थनेच्या आधारावर काम करणाऱ्या जॉर्ज म्युलर यांच्याविषयी त्यांनी वाचले. देवावर तसा भरवसा आपल्या देशातही ठेवता येईल का, हा प्रश्न त्यांना पडला. त्यांचे स्वतःचे आई-वडील दुष्काळात उपासमारीने गेले होते. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई नुसत्या गुडघ्यांवर राहिल्या नाहीत. त्या मध्य प्रांतात गेल्या, उपाशी मुली-स्त्रियांना घेऊन आल्या आणि केडगावी त्यांच्यासाठी घर उभे केले. ज्यांच्यासाठी मागितले, त्यांच्यासाठी त्यांनी आधी जागा केली.

पवित्र शास्त्रात याबेस नावाचा एक मनुष्य आहे (१ इतिहास ४:९-१०). आईने त्याला दुःखात जन्म दिला, म्हणून त्याचे नावच तसे पडले. त्याने देवाकडे आशीर्वाद मागितला, आपल्या सीमा वाढाव्यात असे मागितले, आणि देवाने ते दिले. सीमा वाढणे म्हणजे जास्तीची शेतजमीन, असा अर्थ आपण पटकन लावतो. ज्यांच्याकडे गुंठाभर जमीन नाही, त्यांना हे वचन कसे समजावावे, असे मला नेहमी वाटायचे.

ते आजींनीच मला समजावले. पुढच्या वर्षी मंडळीतील बहिणींनी रोज भाकरीचे पीठ काढताना एक मूठ ज्वारी बाजूला ठेवली. दर रविवारी ती गोळा झाली. मुलगा-सून ऊसतोडीला गेले; आजी, नात आणि धाकटा मागे राहिले. ही मदत देताना आम्ही कोणाला प्रार्थनेला बोलावले नाही. प्रार्थना ही मदतीची अट नसते; तसे केले तर तोही सौदाच होईल. महिन्याने गेले, तर घरात शेजारची दोन लेकरेही दिसली. त्यांचेही आई-वडील ऊसतोडीला गेले होते. मी म्हणाले, “आजी, तुमचंच कसंबसं भागतंय.” त्या म्हणाल्या, “जागा हाय की, ताई.”

आजी आजही आपल्या देवाला नवस बोलतात. नात शाळेत जाते, पण तिच्याहून लहान मुलांच्या वर्गात बसते. बुडालेले वर्ष परत आले नाही. त्या वर्षीच्या माझ्या प्रार्थनेचे उत्तर मी अजून शोधते आहे. पण आजींच्या प्रश्नाचे उत्तर मला मिळाले. फुकटात मिळालेले टिकते. आपल्यापाशीच अडवून ठेवले नाही, तर टिकते.

बंधुभगिनींनो, यंदाही दिवाळीच्या आसपास उचल घेतलेली कुटुंबे वस्त्या सोडतील. मागे राहणाऱ्या लेकरांसाठी आणि त्यांना सांभाळणाऱ्या आजी-आजोबांसाठी देवबापाकडे निःसंकोचपणे मागा. आणि ‘आमेन’ म्हणून उठण्यापूर्वी एवढे विचारा, “प्रभू, यासाठी माझ्या घरात कुठे जागा करू?”

ख्रिस्तामध्ये आपली बहीण,
बोरी, ता. जिंतूर, जि. परभणी