द्राक्षातली बी गेली कुठे?

• जनुक नियमन : प्रत्येक पेशीत जनुके तीच. कोणते, कधी, किती चालणार हे ठरवणारी यंत्रणा म्हणजे नियमन. त्यातूनच पान, फूल, बी असे वेगवेगळे अवयव घडतात.

• नियामक जनुक : इतर जनुकांची कळ दाबणारे. द्राक्षात ‘एजीएल-११’ हे बीचे कवच घडवते.

• थॉमसन सीडलेस : कुंडल-पलूस-तासगाव पट्ट्यातला ओळखीचा वाण. ‘एजीएल-११’ बदललेले. फलन होते, पण कवच घडत नाही. बीची वाढ मध्येच थांबते. मणी उभा चिरला की मऊ, इवलासा अवशेष दिसतो.

• तास-ए-गणेश : थॉमसनमधूनच निवडलेला, तासगाव तालुक्यातला वाण.

• जीए : जिबरेलिक आम्ल. मणी फुगावा म्हणून घड यात बुडवतात. वाढ रोखणारी ‘डेला’ प्रथिने हटतात, वाढीची जनुके चालू होतात.

• माणसात : ‘पॅक्स-६’ या नियामक जनुकाची एक प्रत निकामी झाली, तर बुबुळाचा रंगीत पडदा नीट घडत नाही. या विकाराचे नाव अनिरिडिया.

• तारखा : १९९७ – राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र, पुणे. २००७ – द्राक्षाचा जनुकसंच उलगडला. २०१६ – सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन.