शॉकअप कडक करण्याआधी

“मिस्त्री, शॉकअप जरा कडक करून द्या.” पाऊस उघडला आणि खड्डे उघडे पडले की गॅरेजात हे वाक्य रोज कानावर येतं. मी पान्याला हात लावायच्या आधी टायरची हवा बघतो. मग सीटमागची दांडी धरून गाडी जोरात दाबतो आणि सोडतो. वर येऊन थांबली तर शॉकअप ठीक. डोलतच राहिली तर त्यातलं तेल गेलंय, मग शॉकअपवरची स्प्रिंग दाबणारी कॉलर कितीही फिरवा. वजन पेलणं स्प्रिंगचं काम. तिची उसळी आवरणं तेलाचं.

कॉलर फिरवल्याने स्प्रिंग कडक होत नाही. ती आधीच थोडी दाबून बसते आणि गाडीची बैठक उंचावते, एवढंच. स्प्लेंडरला मागे या कॉलरच्या पाच खाचा असतात. एकट्याला खालची खाच चालते, दुधाचे कॅन लावणाऱ्याला वरची लागते. डाव्या-उजव्या दोन्ही शॉकअपना खाच मात्र एकच हवी.

खाच बरोबर आहे का, ते टेप सांगते. गाडी डबल स्टँडवर घ्या. मागचं चाक अधांतरी असताना एक्सलपासून सीटखालच्या एका खुणेपर्यंत अंतर मोजा. मग गाडी खाली घेऊन नेहमीच्या ओझ्यासह बसा. एकाने गाडी धरावी, दुसऱ्याने मोजावं. दोन मापांतला फरक चाकाच्या एकूण चालीच्या, म्हणजे ते वर-खाली जितकं हलू शकतं त्याच्या, पाव ते एक तृतीयांश असावा. चाल 100 मिलिमीटर असेल, तर 25 ते 33.

पुढच्या फोर्कचा वैरी म्हणजे वाळलेला चिखल. तो रॉडवर तसाच राहिला की ऑइल सीलची कड घासते आणि रॉडवर तेलाचं कडं दिसू लागतं. म्हणून गाडी धुतल्यावर रॉड ओल्या फडक्याने पुसा. फोर्कचं तेल बदलताना पुस्तिकेत दिलेल्या ग्रेडचंच घ्या आणि दोन्ही पायांत मापून सारखं भरा. ‘कडक’ व्हावा म्हणून जाड तेल ओतलं, तर प्रत्येक खड्डा थेट मनगटात येतो.

सीलमधून गळणारं तेल डिस्कवर उतरलं की ब्रेक धरत नाही. तेव्हा रॉडवर तेल दिसल्यावर “पुढच्या सर्व्हिसिंगला बघू” म्हणू नका. सील बदलेपर्यंत गाडी घरीच ठेवा.